मागचा डावा कोपरा

"पुन्हा," दुभाष्या म्हणाला.

हॉयटनं साखळी उचलली, मनगट किंचित आत वळवलं आणि चेरीच्या लाकडाच्या कोऱ्या करकरीत, कमरेएवढ्या कपाटावर सपकन हाणली. कॅमेरा धरलेला माणूस आणखी पुढे सरकला.

"पुन्हा. या वेळी जरा हळू मारायला सांगतायत."

"हळू मारली तर ती मारल्यासारखी दिसत नाही, ठेवल्यासारखी दिसते," हॉयट म्हणाला. "त्यांना सांग, कपाटाचा राग यायला पाहिजे. पण पोटच्या पोराचा येतो तसा. हाड मोडायचं नाही."

दुभाष्यानं हे चिनीत कसं सांगितलं देव जाणे, पण पाहुण्यांमधली एक मुलगी खुदकन हसली. फांग तिचं नाव. हॉयटनं साखळी तिच्या हातात दिली. तिनं दोन्ही हातांनी धरून मारली आणि साखळी उलटून तिच्याच कोपरावर बसली. हॉयटनं तिचं कोपर पाहिलं, आपल्या खिशातला रुमाल पाण्यात बुडवून तिला दिला आणि म्हणाला, "एका हातानं. दुसरा हात पाठीमागे. दुसऱ्या हाताला काही कळता कामा नये."

मी शेजारच्या टेबलाशी हाताची घडी घालून उभी होते. आमचं खातं म्हणजे नव्याला म्हातारं करायचं खातं. शहरातल्या लोकांना आजीच्या घरातलं वाटावं असं कपाट हवं असतं, पण त्यात आजीच्या घरची वाळवी नको असते. म्हणून सुतारांनी तासून-घासून आरशासारखं केलेलं कपाट आमच्याकडे आलं की हॉयट त्याला साखळीनं, किल्ल्यांच्या जुडग्यानं आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यानं मार द्यायचा. मग मी दात घासायच्या ब्रशनं त्यावर काळ्या रंगाचे बारीक शिंतोडे उडवायची. त्यांना माशीचे डाग म्हणतात. हयातभर मी माशी म्हणून नोकरी केली आणि त्यावर दोन मुलं शिकवली.

कारखाना उन्हाळ्याच्या शेवटी बंद होणार हे आम्हाला ईस्टरच्या आठवड्यात सांगितलं होतं. लाकूड आमच्याच डोंगरातलं जाणार, त्याची कपाटं चीनमध्ये होणार आणि बोटीत बसून परत व्हर्जिनियाला येणार. एवढा प्रवास तर माझ्या सासरच्या अख्ख्या कुळात कुणी केलेला नाही. आणि जाता जाता आम्ही पाहुण्यांना कामही शिकवायचं होतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, वर तो नेमका कसा पाडायचा ते चार लोकांना दाखवायचं. जो शिकवील त्याला मागे उरणाऱ्या गोदामात ठेवून घेऊ, औषधपाण्याच्या विम्यासकट, असं मॅनेजर ब्रेंट म्हणाला होता. मी ब्रश खाली ठेवला तो ठेवलाच. आमच्या खात्यातल्या बहुतेकांनी तेच केलं. हॉयट मॅबरीनं केलं नाही.

फांगनं आता कपाटाच्या वरच्या फळीवरून हात फिरवायला सुरुवात केली होती. प्रत्येक खुणेशी थांबायची, काहीतरी पुटपुटायची, पुढे जायची. मागच्या डाव्या कोपऱ्याशी ती थबकली. तिथं किल्लीच्या डोक्यानं उमटवलेला एक अर्धगोल होता आणि त्याच्याखाली खिळ्याचे तीन टोचे. तिनं दुभाष्याकडे पाहिलं.

"ती विचारतेय, बाकीच्या खुणा दर कपाटाला वेगळ्या आहेत. ही एकच सगळीकडे सारखी का?"

हॉयटचे कान लाल झाले. एवढा साठीला टेकलेला माणूस, पण कान शाळकरी पोरासारखे लाल झाले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"तीही असते," तो म्हणाला. "सगळ्यांवर असते."

कॅमेरावाला कोपऱ्याशी वाकला. फांगनं बोटानं अंतर मोजलं. झालं.

त्या खुणेचा अर्थ ठाऊक असलेली माणसं जगात तीन होती. एक हॉयट, एक मी, आणि एक नडीन, म्हणजे त्याची बायको.

नडीन लग्नाआधी तपासणी खात्यात होती, आमच्या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला. त्या काळचा फोरमन, म्हणजे ब्रेंटचा बाप, कामाच्या वेळेत दुसऱ्या खात्यातल्या माणसाशी बोलताना कुणी दिसलं की घरी धाडायचा. आणि हॉयटची तर अशीही बोलण्याची बोंबच होती. चर्चच्या जेवणात ती समोर बसली तर हा बटाट्यांशी बोलायचा. पण नडीनची एक सवय त्यानं लांबून हेरली होती. प्रत्येक कपाट तपासताना ती डावा हात आधी मागच्या कोपऱ्यावर टेकवायची आणि मग उजव्या हातानं खण ओढायची. तर ह्यानं तिच्या तळव्याखाली येईल अशी खूण मारायला सुरुवात केली. अर्धगोल आणि तीन टोचे. ‘काय गं नडीन’ एवढाच त्याचा अर्थ, असं त्यानं मला एकदा बिअर प्यायल्यावर सांगितलं.

महिनाभर तिनं ओळख दिली नाही. मग एक दिवस तिनं एक धडधाकट टेबल नापास करून परत पाठवलं. हॉयट उलटंपालटं करून दमला, त्याला खोट सापडेना. शेवटी फोरमननंच त्याला तिकडे पिटाळलं, जाऊन विचारून ये म्हणून. नडीन चष्म्यावरून त्याच्याकडे बघत म्हणाली, "टेबलात खोट नाही. पाठवणाऱ्यात आहे. तोंडानं बोलता येत नाही का रे तुला?"

लग्न झालं. नडीन पुढेही वर्षानुवर्षं तपासणीला होती. मग तिच्या छातीनं असहकार पुकारला. डॉक्टर लोक कशावर बोट ठेवत नव्हते, पण ती घरी बसली, नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर. तिच्या जागी दुसऱ्या बायका आल्या. त्यांना कोपऱ्यातल्या खुणेचं काय? हॉयट मात्र मारत राहिला. मी एकदा म्हटलं, "अरे, आता वाचतं कोण ते?" तर म्हणाला, "हात जातो गं."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे मागच्या पायरीवर बसायचो. त्या दिवशी हॉयट डबा घेऊन आला तशी पायरीवरची माणसं फाकून बसली, जागा राहणार नाही अशी. डेनी म्हणून एक घासकाम खात्यात होता, जीभ सदा धार लावलेली. तो आकाशाकडे बघून म्हणाला, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं माझी आजी म्हणायची. मला वाटायचं म्हातारी लाकडाबद्दल बोलतेय."

कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. मीही नाही. हॉयट आपल्या ट्रकशी जाऊन बसला. मी माझं अर्धं सँडविच घेऊन त्याच्यामागे गेले.

"तू पण बोल," तो म्हणाला. "रांगेत उभी राहा. डेनीनंतर तुझा नंबर."

"मला काही बोलायचं नाही."

"तुझा नवरा तुरुंगात आहे, ड्रीमा. तुला परवडतं."

आमच्याकडे हे वाक्य शिवी नाही. माझा नवरा तुरुंगात पहारेकरी आहे. खाणी गेल्या, मोज्यांची गिरणी गेली, तेव्हा सरकारनं डोंगर कापून वर तुरुंग बांधला. त्या तुरुंगाचा विमा अख्ख्या घराला लागू होतो. आमच्या भागात लोक मुलगी देताना आता तेवढंच विचारतात.

"माझ्या विम्याशिवाय तिला ते सिलिंडर मिळत नाही," हॉयट म्हणाला. "मी डेनीशी भांडू की सिलिंडर आणू? डेनी म्हणेल ते खरं आहे. दांडाच आहे मी. पण ती श्वास घेतेय ना."

त्यानं सँडविच घेतलं नाही. मी ते तिथंच बॉनेटवर ठेवून आले.

शेवटच्या दिवशी भोंगा नेहमीपेक्षा जास्त वेळ वाजवला. कुणाला सुचलं होतं कोण जाणे. बायका गाडीतळावर रडल्या, पुरुष इंजिनात काहीतरी बिघडल्यासारखे बॉनेट उघडून उभे राहिले. यंत्रं खोक्यात घालून गेली. ज्या जमिनीवर ती उभी होती तिथं फिकट चौकोन राहिले.

सप्टेंबरात मी घेवड्याच्या शेंगा आणि मक्याचा पाव घेऊन नडीनकडे गेले. ती खिडकीशी खुर्चीत होती. मोठी दिसायची पूर्वी. आता खुर्चीच जास्त दिसत होती.

"आली का माशी?" ती म्हणाली. "बस कुठंतरी. अन्नावर नको."

हॉयट भांडी विसळत होता. गोदामात त्याचं काम सुरू झालं होतं. तिथं चीनहून येणारी कपाटं उतरवायची, वाटेत काही खरचटलं असेल तर मेण भरून, रंग लावून सारखं करायचं आणि दुकानांना धाडायचं. आमच्या नमुन्याची कपाटं अजून यायची होती. सध्या खुर्च्याच येत होत्या.

"ड्रीमा, एक खरं सांग," नडीन आवाज न उतरवता म्हणाली. "ती खूण त्यांनी घेतली का?"

मी हॉयटच्या पाठीकडे पाहिलं. "घेतली. कॅमेऱ्यात घेतली, वर मापही घेतलं."

नडीन हसायला लागली. हसता हसता खोकला, खोकल्यात परत हसू. हॉयट ओल्या हातानं धावत आला, तिनं त्याला ढकललं. "म्हणजे तिकडे समुद्रापलीकडे कुणीतरी परकी पोर उठून रोज मला ‘काय गं नडीन’ म्हणणार. दिवसभर. आणि हा बैल इथं समोर बसतो आणि तोंड उघडत नाही."

"पहिलं कपाट आलं की ट्रकात घालून आणतो तुला दाखवायला," हॉयट म्हणाला.

"आणायचं नाही. मला तिकडे न्यायचं. रीतसर तपासणार आहे मी. डावा हात आधी." तिनं डावा हात उचलून खुर्चीच्या हातावर टेकवला. "आणि नापास करणार. मग बघू कोण विचारायला येतं."

तेवढ्यासाठी ती थांबली होती, असं मी म्हटलं तर बाईमाणसाचं बोलणं म्हणून सोडून द्याल. पण त्या दिवसापासून मी जाईन तेव्हा ती हेच विचारायची. आलं का रे कपाट? हॉयट म्हणायचा, बोटीत आहे.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधी ब्रेंटनं गोदामातल्या लोकांना गोळा केलं. गोदाम कंत्राटदाराला दिलंय, म्हणाला. कामं तीच, माणसं तीच, फक्त नाव बदलणार. नावाबरोबर विमाही बदलला. कंत्राटदाराचा विमा कामगारापुरता. बायकोमुलांचं ज्याचं त्यानं बघायचं.

हॉयट म्हणे हात वर करून म्हणाला होता, "मला विम्यासकट म्हणून सांगितलं होतं."

"मिस्टर हॉयट," ब्रेंट म्हणाला, "मी सांगितलं तेव्हा ते खरं होतं."

आमच्या गावात लहानांनी मोठ्यांना असंच मान देऊन बोलायची पद्धत आहे. ब्रेंटवर संस्कार चांगले होते. तो खोटंही बोलला नव्हता, वरून त्याला जे सांगितलं ते त्यानं खाली सांगितलं. एवढ्यानं माणूस मरतं हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं.

हॉयटनं पुढे काय काय केलं ते सगळं सांगत नाही. ट्रक विकला. काउंटीच्या कचेरीत जाऊन बसला. चर्चनं मऊ पाव आणि ग्रेव्हीचं जेवण ठेवून वर्गणी केली, त्यात डेनीही होता, आणि डेनीनं पाकीट देताना हॉयटकडे बघितलं नाही. सिलिंडर येत राहिली, पण आधीसारखी नाही. हॉयट कामाला गेला की सिलिंडर जास्त दिवस पुरावं म्हणून नडीन हवेचा काटा खाली आणून ठेवायची, आणि तो घरी यायची वेळ झाली की पुन्हा वर. हे मला माहीत होतं. पुढे कळलं, त्यालाही माहीत होतं. तो अंगणाच्या फाटकाशी मुद्दाम जोरात खाकरायचा आणि जरा थांबून मग दार उघडायचा, तिला काटा वर करायला वेळ मिळावा म्हणून.

मला याचा राग येतो. अजून येतो. कुणावर काढायचा ते मात्र कळत नाही, म्हणून मी तो भांड्यांवर काढते.

फेब्रुवारीत, रस्त्यावर बर्फाचा पापुद्रा होता त्या आठवड्यात, नडीन गेली. दुपारची झोपली ती उठली नाही. काटा खाली होता.

वसंतात डॉगवूडची झाडं फुलली तेव्हा कपाटांचा पहिला कंटेनर आला. हंगामापुरती माणसं हवी होती म्हणून कंत्राटदारानं मलाही घेतलं, खोकी फोडायला. माशीनं काम बदललं. पहिलं खोकं मीच फोडलं. आतला कागद-कापूस काढला. आमचंच कपाट होतं. साखळीचे मार मनगट आत वळवून मारलेले होते. माझे माशीचे डागसुद्धा होते, मी न दाखवलेले. ते त्यांनी जुन्या कपाटावरून बघून उचलले असतील.

हॉयट आला. त्यानं साखळीच्या खुणांवर तळवा फिरवला.

"पोरीचा हात बसलाय," तो म्हणाला. "दुसरा हात पाठीमागे ठेवते बरं का ही."

मग तो मागच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. अर्धगोल आणि तीन टोचे. त्यानं हात टेकवला नाही. नुसता उभा राहिला. मी दुसरं खोकं फोडलं, त्यावरही होती. तिसऱ्यावरही. अख्खा कंटेनर भरून कुणी नडीनला हाका मारत आलं होतं, आणि ती वर टेकडीवरच्या दफनभूमीत.

तीनेक आठवड्यांनी ब्रेंट एका कपाटाचा फोटो घेऊन आला.

"मिस्टर हॉयट, दुकानं तक्रार करतायत. एका माणसानं कपाट घेतलं, शेजाऱ्यानंही घेतलं, दोघांच्या कपाटांना त्याच जागी, सूतभरही फरक न पडता, तोच खड्डा. जुनं वाटत नाही म्हणतात, शिक्का मारल्यासारखं वाटतं. तिकडच्यांनी घोळ घातलाय. बाकी सगळं छान शिकले, हेच कुठून काढलं कोण जाणे. पुढच्या मालात मारू नका म्हणून त्यांना कळवलंय. पण इथं आहेत त्यांचे तेवढे मेण भरून बुजवून टाका."

"त्यांनी घोळ घातलेला नाही," हॉयट म्हणाला.

"मग कुणी घातला?"

मी तोंड उघडलं, पण हॉयटनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

"कुणी नाही," तो म्हणाला. "बुजवतो."

"थँक्यू, मिस्टर हॉयट. आणि तुमच्या मिसेसचं कळलं. फार वाईट वाटलं." ब्रेंट म्हणाला, आणि त्याला खरंच वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याचा फोन वाजला.

हॉयटनं मेणाच्या कांड्या काढल्या. चेरीला लागते ती तांबूस निवडली, दिव्यावर सुरी तापवली. पहिल्या कपाटाशी खूप वेळ लागला. मेण वितळून टोच्यात उतरलं, त्यानं ते सपाट केलं, वर बारीक कुंचल्यानं लाकडाची रेघ ओढली. बघता बघता कोपरा कोरा झाला. इतका कोरा की मी बोट फिरवून पाहिलं तरी काही लागलं नाही.

"एक तरी ठेव रे," मी म्हटलं. "एकच. घरी ने. मी सांगते ब्रेंटला वाटेत मोडलं म्हणून."

"नेऊन काय करू?"

"असू दे घरात."

"नापास कोण करणार?" तो म्हणाला.

तो दुसऱ्या कपाटाकडे वळला. तिथं मी पाहिलं की सुरी उचलण्याआधी त्यानं डावा हात पुसून घेतला आणि तळवा कोपऱ्यावर टेकवला, नडीन टेकवायची तसा. क्षणभर ठेवला. मग उचलून मेण भरलं. तिसऱ्यालाही तसंच. आधी तळवा, मग सुरी. त्यानं एकदाही घाई केली नाही आणि एकही रेघ वाकडी ओढली नाही.

दुपार कलेपर्यंत भिंतीशी कोऱ्या कोपऱ्यांच्या कपाटांची रांग लागली. हॉयटनं दिव्याची वात सारखी केली.

"झालं हे," तो म्हणाला. "पुढचं आण, ड्रीमा."

मी पुढचं खोकं फोडायला घेतलं.